बेचाळीसच्या जागी तीस

माझी ताई कापणीवर आहे. आमच्या कारखान्यात हॉस्पिटलचे कोट शिवतात. कापड ती कापते आणि समोरच्या मशीनवर मी शिवते. तिचा हात असा, की चोवीस थर एका दमात कापेल आणि सूतभर इकडचं तिकडे होणार नाही. निदान तेव्हा तरी होत नव्हतं.

आमच्याकडे माप मोठ्यानं बोलायची पद्धत. एकीनं टेप धरून आकडा ओरडायचा, दुसरीनं खडूनं लिहायचा. मशिनींच्या खडखडाटात दुसरं ऐकू कुठं येतं? दोन वर्षांपूर्वी ताईला स्कर्ट शिवायचा होता. टेप माझ्या हातात. मी कमरेचा आकडा ओरडले आणि वर म्हणाले, "अगं बाई, दोन टेप जोडाव्या लागणार!" अख्खा कारखाना हसला. ताईही हसली. मला वाटलं, झालं, संपलं.

संपतंय कुठलं! आधी पाकिटं उलटून कॅलरी वाचणं सुरू झालं, मग भात वजन करून खाणं, मग सफरचंदाकडे आठ्या घालून बघत बसणं. "ताई, सफरचंद आहे ते, बाँब नाही," मी म्हणायचे. ऐकेल तर शपथ. डबा उघडायच्या आधी कापडाच्या कडेला खडूनं आकडे मांडायची आणि मग अर्धा डबा परत न्यायची. डोळे खोल गेले, केस गळायला लागले. भावजींनी हात टेकले. मला म्हणाले, "तू सांग, तुझं ऐकेल." धाकटीचं कोण ऐकतं हो?

एका दुपारी माझ्या मशीनवर कापलेले तुकडे आले, तर ते कोटाचे की बनियनचे, कळेना. लांबी बेचाळीस इंच हवी होती, कापली होती तीस. चोवीसच्या चोवीस थर वाया. मालकीणबाईंनी टेबलाशी जाऊन पाहिलं. बेचाळीस नीट लिहिलेलं होतं. शेजारीच तीस.

"हे तीस कशाचे?"

ताई त्या आकड्यावर वाकली. मग म्हणाली, "अर्ध्या बिस्किटाचे."

एरवी मीच पहिली फिदीफिदी हसले असते. पण ताई एका हातात कात्री तशीच धरून दुसऱ्या हातानं ते तीस पुसत होती. मालकीणबाई ओरडल्या नाहीत, तेच जास्त लागलं. त्यांनी कात्री काढून घेतली, कपाटात ठेवली आणि म्हणाल्या, "आधी बरी हो. कात्री तुझीच आहे."

डॉक्टरीणबाईंनी नाडी पाहिली आणि स्पष्टच सांगितलं, असंच चाललं तर हृदय साथ देणार नाही. उपाय काय, तर ताट दुसऱ्यानं वाढायचं, तिनं ते संपवायचं, वजनकाटा घराबाहेर. एवढंच! या एवढंचला सात महिने लागले. सकाळ-संध्याकाळ भावजी वाढायचे, दुपारी मी. ती घास हातात धरून बसायची, ओठ हलायचे.

"मोजतेयस?"

"नाही."

"खोटारडी."

कधी रडायची, कधी ताट सरकवायची. एकदा तर भात कुंडीत सापडला. खरं सांगते, माझा जीव नकोसा झाला होता. एक दिवस तडकलेच, "घासाघासाला राखण करायला मी काय रिकामी बसलेय?" बोलले आणि जीभ चावली.

ताई चिडली नाही. म्हणाली, "मीपण दमलेय गं. डोक्यात एक बाई बसलीय, सारखे आकडे ओरडते. आवाज अगदी तुझ्यासारखा आहे."

मी तिचा हात धरला आणि ढसाढसा रडले. तिनं तो घास खाल्ला, पण सावकाश. पुढचे चार दिवस पुन्हा रडगाणं होतंच.

मागच्या महिन्यात तिला कात्री परत मिळाली. आजारपणात आवळून घेतलेले स्कर्ट आता होईनात. म्हणाली, "एक नवा शिवशील?" मी सवयीनं टेप उचलली आणि तिचा चेहरा उतरला. मी टेप खाली ठेवली. कागदाची लांब पट्टी कापली, तिच्या कमरेभोवती धरली आणि टोक आलं तिथं कात्रीनं बारीक खूण केली. आकडा नाही, ओरडणं नाही.

"किती आलं?" तिनं विचारलंच.

"कागदाची पट्टी आहे. तिच्यावर आकडे कुठं असतात?"

तिनं पट्टी हातात घेऊन उलटसुलट पाहिली. आता ओठ हलतील म्हणून मी बघत राहिले. हलले नाहीत.

"बरं," ती म्हणाली. "कमरेत जरा सैल ठेव. मला जेवायचं असतं."