वाकलेले ठोकळे

अक्षर वाईट आहे, शुद्धलेखनही चुकलं असेल. चौथीनंतर पेन फारसं धरलंच नाही. ही वही कुणाच्या हाती लागली तर माफ करावं.

नेरूळच्या एका बालवाडीत मी मावशी आहे. तिथे लहान मुलांना लाकडी ठोकळ्यांचे पूल, बुरूज बांधायला देतात. काय कशाने उभं राहतं, कशाने पडतं, ते त्यांनी हातानेच शिकायचं. मी फक्त आवरते. कुणाशी बोलत नाही.

मुलांना सर्दी झाली म्हणून बाई म्हणाल्या, "ठोकळे स्वच्छ करा." मी टबात गरम साबणपाणी केलं, ठोकळे दिवसभर भिजत घातले आणि दुसऱ्या दिवशी गच्चीवर कडक उन्हात पसरले. आमच्या दिवाळे गावात मासळी सुकवतो तसे, उलटेपालटे करून. उचलायला गेले तर सगळे वाकलेले, काही तडकलेले.

"ओल्या फडक्याने पुसायचे होते, मावशी! लाकडाला कोणी अंघोळ घालतं का?" बाई म्हणाल्या. "तीन हजारांचा संच आहे, पगारातून कापणार. आणि तुम्हाला ठेवायचं की नाही, ते शाळेचे मोठे सर ठरवतील."

घरी सांगितलं नाही. ऑफिसातला फोन वाजला की माझ्या हातातला झाडू थांबायचा.

मुलं त्याच ठोकळ्यांशी खेळत होती. पूल डुगडुगायचा, पडायचा. एक मुलगी रडकुंडीला आली. बाई वर्गात नव्हत्या, म्हणून मी तिच्याजवळ बसले. काठावर ओढलेली होडी कलंडू नये म्हणून खाली पाचर मारतात, तशी पुठ्ठ्याची घडी तिला दिली.

"जिथं हालतंय तिथं घाल. मंग पडनार नाय."

पूल उभा राहिला. मग सगळीच पुठ्ठा मागू लागली. मागे वळले तर दारात बाई आणि सर.

"हे कोणी शिकवलं?" सरांनी विचारलं.

"मावशीने!" मुलं ओरडली. मला वाटलं, संपलं.

सरांनी पूल बोटाने ढकलून पाहिला. "पैसे कापणारच हं, मावशी. महिन्याला पाचशे. म्हणजे सहा महिने तरी तुम्हाला यावंच लागेल."

बाई हसल्या. मला हसू आलं नाही. सहा महिन्यांनंतर काय, हे विचारायचं धाडस झालं नाही. दर पगाराला एक महिना कमी झाला, एवढंच मनात यायचं.

आज शेवटचे पाचशे कापले. सही केली आणि विचारलं,

"बाई, उद्या येऊ ना?"

"नाहीतर मुलांना पुठ्ठे कोण कापून देणार?"

तीन हजार पूर्ण फिटले.