‘वऱ्हाडी’ हे नाव मला माहीत नाही

पुण्यातली नोकरी सुटल्यावर मी मोताळ्याला घरी परतलो आणि प्रोग्रॅमिंगची एक नवी भाषा तयार करायला घेतली. शब्द मराठी, क्रियापद वाक्याच्या शेवटी. भाषा कागदावर मांडायला आठवडा पुरला. तिचा कंपायलर, म्हणजे त्या भाषेत लिहिलेलं वाचून त्यातून यंत्राला कळतील अशा आज्ञा बनवणारा प्रोग्रॅम, लिहिण्यात वर्ष गेलं.

माझ्यानंतर ती भाषा वापरणारी पहिली माझी थोरली बहीण. ती जवळच्या गावातल्या शाळेत गणित शिकवते. पहिल्याच दिवशी कंपायलरने तिला सांगितलं, ‘ओळ चार : अवैध पदावली.’

“हे कोनाले सांगून राह्यलं?” तिने विचारलं.

“तुलेच, ताई.”

“मंग मले समजन असं सांग ना.”

संदेश सोपा करायला बसलो तेव्हा लक्षात आलं की तिने बंद न केलेला कंस कुठे उघडला होता, हे कंपायलर लक्षातच ठेवत नव्हता. तेवढा भाग मोडून पुन्हा लिहिला.

नंतर तिने वर्गासाठी एक उदाहरण रचलं : लग्नाला आलेले वऱ्हाडी, प्रत्येकाला चार पोळ्या, एकूण किती. सोमवारी मुलांना दाखवायचं होतं. दोन दिवस तिचा फोन आला नाही, म्हणून रविवारी सकाळी मीच तिच्या घरी गेलो. टेबलावर वही उघडी होती. त्याच सात ओळी तिने पानापानांवर उतरवून काढल्या होत्या आणि अक्षरन् अक्षर ताडून बरोबरच्या खुणा केल्या होत्या. लॅपटॉपवर माझ्या कंपायलरचा संदेश होता : ‘वऱ्हाडी हे नाव मला माहीत नाही.’ नाव तर पहिल्याच ओळीत होतं.

“काऊन सांगितलं नाही?”

“माह्यंच चुकत असन म्हटलं. मशीन कायले चुकते?”

पहिली ओळ तिने फोनवर लिहून लॅपटॉपवर घेतली होती. बाकीच्या लॅपटॉपवरच टाइप केल्या होत्या. फोन ‘ऱ’ हे एकच अक्षर म्हणून नोंदत होता, लॅपटॉप साधा ‘र’ आणि त्याखालचं टिंब अशी दोन चिन्हं. डोळ्यांना फरक दिसत नाही. माझा कंपायलर डोळ्यांनी वाचत नव्हता. ही अडचण मी पूर्वी वाचली होती आणि नंतर पाहू म्हणून सोडून दिली होती. चाचण्यांत मी ‘बेरीज’ आणि ‘वय’ अशीच नावं घेत आलो होतो. वऱ्हाडात बसून.

वाचण्याआधी सगळा मजकूर एकाच रूपात आणायचा, एवढंच करायचं होतं. चार ओळींचं काम. तिच्यासमोरच केलं. उत्तर आलं.

“चूक माझी होती,” मी म्हणालो.

“दोन दिवस मी सोताले येडी समजून राह्यली होती,” ती म्हणाली. रागावलेली दिसली नाही. वही मिटून तिने माझ्यापुढे कोरा कागद ठेवला. “अजून काय काय असं बाकी ठेवलं हाये, ते लिह्य.”

मी लिहिलं. नऊ गोष्टी निघाल्या. त्यातल्या दोनांवर तिने बोट ठेवलं. त्या झाल्याशिवाय मुलांपुढे काही न्यायचं नाही, असं ठरलं. सोमवारचा तास खडू-फळ्यावर झाला, पुढच्या आठवड्यातला संगणकावर.

आज ती भाषा तिच्या शाळेत आणि आणखी दोन ठिकाणी चालते. मी घरूनच दुसऱ्या एका कंपनीचं काम करतो. उत्तर चुकलं तर बहीण मुलांना आधी स्वतःच्या ओळी तपासायला लावते, आणि त्या बरोबर निघाल्या तर सरळ मला फोन करते.