टोपल्याजवळची फेक

मी भित्रा माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो. चिकलठाण्याच्या एका कारखान्यात मी सत्तावीस वर्षं तयार मालाची तपासणी केली. माल चांगला दिसला तरी तो पुन्हा एकदा मापून बघायचा, याचाच मला पगार मिळत होता. घरीही मी तसाच. बाहेर पडताना गॅसची कळ दोनदा बघतो, कुलूप तीनदा ओढतो. बायको मला भागूबाई म्हणते. आता इतक्या वर्षांनी मला त्याचा राग येत नाही, असं मी लोकांना सांगतो.

बायको पिशोरकडची, मेंढरं राखणाऱ्या घरातली. तिच्या हाताला लहानपणापासून दगड फेकायची सवय. कळप सोडून चाललेलं मेंढरू वळवायचं, तर दगड त्याला लागता कामा नये, त्याच्या पुढ्यात पडला पाहिजे. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं, बघून बघून आलं होतं. त्याचा शहरात आल्यावर काही उपयोग झाला नाही. मग दोन वर्षांपूर्वी आमचा मुलगा परदेशातून सुटीवर आला आणि येताना प्लॅस्टिकच्या सहा तबकड्या घेऊन आला.

या खेळाला डिस्क गोल्फ म्हणतात. गोल्फसारखाच, पण काठी-चेंडूऐवजी हातानं तबकडी फेकायची आणि भोकाऐवजी लोखंडी खांबावरच्या टोपल्यात घालायची. टोपल्यावर साखळ्या लोंबत असतात, त्यांना अडून तबकडी खाली पडते. जो कमी फेकींत टोपलं गाठेल तो जिंकला. मुलगा परत गेला, पण आम्हाला नाद लावून गेला. माझ्या ओळखीच्या वेल्डरनं पाइप आणि भंगारातल्या साखळ्या जोडून चार टोपली बनवून दिली. ती आम्ही पिशोरजवळ मेव्हण्याच्या मुरमाड माळावर सिमेंटमध्ये बसवली. तिथं नाहीतरी कुसळांशिवाय काही उगवत नव्हतं. एक रविवार सोडून एक रविवार सकाळी आम्ही गाडी काढून तिकडं जायला लागलो.

मेव्हण्यानं पहिल्या दिवशी बांधावर बसून सगळा खेळ बघितला. मग म्हणाला, "दाजी, थाळी टोपल्यातच टाकायची हाय ना? मंग चालत जाऊन ठिवा की."

पण खरा खेळ टोपल्यात टाकण्याचा नाहीच. पहिली फेक लांब जाते, ती कुणालाही जमते. शेवटची दोन पावलांवरून असली तर तीही जमते. अडचण मधल्या फेकीची, जिच्यानं तबकडी टोपल्याजवळ नेऊन ठेवायची असते. तिथं दरवेळी निवड करावी लागते. जोरात आणि जमिनीलगत फेकली तर वारा तिला हात लावत नाही, पण मुरमावर आपटून ती सरपटत कुठल्या कुठं जाते. हलकेच वर चढवून सोडली तर पडते तिथं बसते, पण वर असेपर्यंत ती वाऱ्याच्या ताब्यात. बायको कायम खालची फेक निवडायची. तबकडी कुठं आपटेल ते ती बघायचीच नाही, कुठं थांबेल तेवढं बघायची. मी कायम हलकी, वरची निवडायचो. मला ती सुरक्षित वाटायची.

आता भीतीचं सांगतो. तीन वर्षांपूर्वी गच्चीवर कुरडया घालताना बायकोला गांधीलमाशी चावली. एकच, मनगटावर. दहा मिनिटांत तिचे ओठ सुजले, आवाज घोगरा झाला आणि श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज यायला लागला. रिक्षात तिचं डोकं माझ्या खांद्यावर होतं, आणि रिक्षावाला सिग्नल तोडत असताना मी, जन्मात कधी सिग्नल न तोडलेला माणूस, त्याला अजून जोरात चल म्हणत होतो. ती वाचली. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले की पुढच्या वेळी इतका वेळ मिळेलच असं नाही. त्यांनी एक इंजेक्शन लिहून दिलं आणि ते कसं भरायचं, मांडीत कसं टोचायचं, हे मला शिकवलं. तेव्हापासून तिच्यासोबत कुठंही निघालो की ती कुपी आणि सुई माझ्या कमरेच्या पाऊचमध्ये असते. तेव्हापासून माझा जीव टांगणीला लागलेला आहे तो आहेच. बाजारात उसाच्या रसाच्या गाडीसमोरून जाताना मी तिचा हात ओढतो. ती हात सोडवून घेते.

या वर्षी संक्रांतीनंतर आम्ही माळावर गेलो, तर तिसऱ्या टोपल्यापलीकडच्या पिंपळाला आग्या मोहोळ लागलेलं. टोपल्यापासून उजव्या अंगाला चाळीसेक पावलांवर तो पिंपळ, आणि त्याच्या आडव्या फांदीला सुपाएवढं काळं मोहोळ. मधूनच त्याच्यावरून लाट सरकल्यासारखी चमक जायची. 

"चल गाडीत बस," मी म्हणालो.

"कायला? त्या वर हायेत, आपण खाली हाये."

मी म्हणालो, मोहोळ झाडून टाकू. तिनं भावाला बजावलं की हात लावायचा नाही, शिमग्यापर्यंत त्या आपल्या आपण उठून जातात, या शिवारात दरसाल कुठल्या ना कुठल्या झाडाला लागतात. मी म्हणालो, निदान टोपलं उपटून दुसरीकडं लावू. ती म्हणाली, "लई भ्या वाटत आसंल त तुमी घरीच बसत जा. मी भावाकडं एस्टीनं यीन." तिला एकटीला सोडायची मला जास्त भीती. शेवटी तिनंच दोन गोष्टी कबूल केल्या. तिसऱ्या टोपल्याला कुणीही डोक्याच्या वर तबकडी चढवायची नाही, आणि तिची घोंगडी कायम हाताशी राहील. मेंढरांमागं हिंडणारी माणसं मोहोळ उठलं की पळत नाहीत, घोंगडी चारी बाजूंनी अंगाखाली दाबून पडून राहतात. जाड लोकरीतून नांगी आत पोचत नाही. हे सगळं तिनं मला अगदी शांतपणे सांगितलं, त्यानं मी आणखीच घाबरलो.

असे तीन रविवार पार पडले. चौथ्या वेळी माझी तबकडी टोपल्याच्या अलीकडं तीस पावलांवर पडली. बायको माझ्या डावीकडं जरा मागं घोंगडीवर बसून पाणी पीत होती. मी उभा राहून हिशेब करत होतो. खालची फेक करावी तर मुरूम तिथं गुळगुळीत झालेला, तबकडी सरपटत थेट पिंपळाच्या बुडाशी गेली तर? तिकडं आणायला कोण जाणार? ती जाणार. माझं ऐकणार थोडीच. त्यापेक्षा हलकेच सोडावी, टोपल्याच्या अलीकडं पडून तिथंच बसेल. डोक्याच्या वर नाही असं ठरलं होतं खरं, पण वीतभर गेली तर काय बिघडतं, असं मी मनात म्हणालो.

तबकडी वर चढली आणि डावीकडून वारा आला. मोठा नव्हता, नुसती झुळूक. तिनं तबकडीची कड उचलली आणि तबकडी वर, आणखी वर, उजवीकडं निघाली. तबकडीला हाक मारून परत बोलवावंसं मला वाटलं. पिंपळाच्या पानांत ती शिरली आणि फांदीवर आपटल्याचा टक् असा अगदी छोटा आवाज आला.

फांदीवरचा काळा पडदा सुटून खाली ओघळला. मग तो आवाज. ट्रान्सफॉर्मरजवळ उभं राहिल्यावर येतो तसा, पण चालून येणारा. मी वळून बघितलं तर बायको आडवी होऊन घोंगडी पायांखाली खोचत होती. मी तिच्याकडं धावलो. दुसरं काही सुचलंच नाही, तीन वर्षं मी एवढीच तयारी केली होती की तसं काही झालं तर तिच्याजवळ पोचायचं. पहिली माशी कानाला चावली, दुसरी डोक्यात, मग मोजण्यापलीकडं. तिच्यापासून दहा पावलांवर असताना घोंगडीच्या आतून आवाज आला.

"हिकडं येऊ नका. माश्या घिऊन येताय तुमी. लांब व्हा."

माझ्या मागं काय येत होतं ते माझ्या तेव्हा ध्यानात आलं. मी वळलो आणि उलट्या दिशेला पळालो. जितकं लांब जाईन तितकी ती वाचेल, हे एवढंच डोक्यात होतं, आणि पळतानाच्या त्या वेळात, खरं सांगतो, मला भीती वाटली नाही. कापूस निघालेल्या पऱ्हाटीची खुंटं पायाला ओरबाडत होती. बांध ओलांडला, नाला ओलांडला आणि पलीकडच्या गव्हात पालथा पडलो. गव्हाला नुकतंच पाणी दिलेलं होतं. तोंड चिखलात खुपसून पडून राहिलो. हळूहळू तो आवाज पांगला.

उठून बसलो तेव्हा अंग पेटल्यासारखं झालं होतं आणि एक डोळा मिटत चालला होता. हात कमरेला गेला तर पाऊच हाताला लागला.

इंजेक्शन माझ्याजवळ होतं. ती तिकडं, आणि इंजेक्शन इकडं गव्हात. दोन्ही फोन, माझा आणि तिचा, गाडीत होते. आभाळ मोकळं होतं. माश्या माझ्या भोवती नव्हत्या, नाल्यावर नव्हत्या, लांब माळावर आवाजही नव्हता. मला उठून जायचं होतं, त्यात विचार करण्यासारखं काही नव्हतं.

आणि मी उठलो नाही.

स्वतःला सांगितलं, अजून दोनचार फिरत असतील, त्यांना तिच्याकडं न्यायला नको. हे पहिल्या मिनिटाला खरं असेल, पुढं नव्हतं. खरी गोष्ट ही की नाल्याच्या काठावर चढलो की घोंगडी दिसणार होती. ती हलत नसली तर? हाक मारली आणि आतून उत्तर आलं नाही तर? इथं गव्हात बसलो होतो तोवर ती जिवंत होती. तिकडं गेल्यावर काय ते कळणार होतं, आणि ते कळून घ्यायची माझी छाती होईना. मोहोळाला मी भ्यायलो नव्हतो, घोंगडीला भ्यायलो. हातात पाऊचची चेन धरून मी चिखलात बसून राहिलो, एका पाणकोंबडीकडं बघत. किती वेळ, ते तेव्हा माहीत नव्हतं.

तीच आली. बांधावरून, घोंगडी खांद्यावर टाकून, जरा लंगडत. मला बघून तिनं पावलं भराभर उचलली. खाली बसली आणि नखानं माझ्या मानेतल्या नांग्या खरवडून काढायला लागली. मी रडत होतो. ती म्हणाली, "गप. डोळ्याला हात लावू नका."

मग तिनं विचारलं, "माश्या कवा गेल्या?"

"आत्ताच," मी म्हणालो.

गाडीतल्या फोनवरून तिनं मेव्हण्याला बोलावलं. त्यानं गाडी चालवत आम्हाला पिशोरच्या एका दवाखान्यात नेलं. डॉक्टर तरुण होते. त्यांनी माझ्या अंगावरचे डंख मोजायला घेतले आणि चाळीसनंतर सोडून दिले. सलाइन लावलं. मग बायकोकडं वळून विचारलं, तुम्हाला काही? मी नाही म्हणायला तोंड उघडलं तेवढ्यात तिनं साडी घोट्याच्या वर घेतली. घोट्यावर एक लाल गांध होती.

"एक चावली," ती म्हणाली. "घोंगडी कमी पडली पायाकडं."

तिला आधीच्या वेळी काय झालं होतं ते मी सुजल्या ओठांनी कसंबसं सांगितलं. डॉक्टरांनी तिचा घसा बघितला, छाती तपासली, नाडी धरली. चावून किती वेळ झाला, विचारलं.

"चावली तवा घड्याळ बघितलं मी," ती म्हणाली. "पंचवीस मिनिटं वाट बघितली ह्यांची. माश्या तर पाचात गेल्या. मंग उठले."

डॉक्टर म्हणाले की गांधीलमाशीचं विष वेगळं, या माशीचं वेगळं, एकाचं वावडं असलं तरी दुसरीचं असेलच असं नाही. नशीब समजा, म्हणाले. पण पुन्हा तपासून घ्या आणि ते इंजेक्शन जवळ ठेवा. "हाय ना, ह्यांच्याजवळ आसतं," ती म्हणाली. तिच्या आवाजात टोमणा नव्हता. तो असता तर मला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी माझे डोळे उघडायला लागले तेव्हा तिनं मला चहा दिला, समोर बसली आणि माझा चहा संपेपर्यंत थांबली. त्या पंचवीस मिनिटांत घोंगडीखाली ती काय काय मोजत होती, हे मी तिला विचारणार होतो. विचारलं नाही.

"ते इंजेक्शन भरायला शिकवा मला," ती म्हणाली. "माझं मला टोचता आलं पायजे."

मी शिकवलं. तिला दुसऱ्या खेपेलाच जमलं.