गुरुवारची चक्कर

आमच्या फुलपाड्यातले डॉक्टर बिघडले, असं मी तेव्हा उघड म्हणायचे. दोन हजारनंतरची पहिली काही वर्षं असतील. तोपर्यंत माणूस धड होता. ताप आला की सुई, खोकला झाला की लाल औषध, आणि "परवा दाखवा". त्यांच्या हाताला गुण आहे असं सगळा रस्ता म्हणायचा. मग ते पुण्याकडे कुठल्याशा शिबिराला गेले, पुन्हा गेले, आणि परतले ते 'होलिस्टिक' होऊन. दवाखान्याच्या पाटीवर डिग्रीखाली 'ट्रान्सफॉर्मेशनल कोच' अशी नवी ओळ आली. आमच्या मजल्यावरच्या वहिनी 'कोच' म्हणजे क्लास समजून, मुलाला दहावीच्या गणितासाठी पाठवू का, असं विचारून आल्या.

मला हसू आलं नाही. मी स्वतः नालासोपाऱ्याच्या शाळेत गणित शिकवायचे. नुसतं उत्तर लिहिलं तर मी गुण देत नसे, रीत दाखव म्हणायचे. शिवाय आमच्या बिल्डिंगने तोवर चुंबकाची गादी, डब्यातली हिरवी पावडर आणि सगळे रोग शोषून घेणारं तांब्याचं कडं, एवढं सगळं पाहिलं होतं. विकायला येणारा प्रत्येक जण आधी गोड गोड चौकशी करायचा. डॉक्टरही आता तेच करायला लागले होते. झोप कशी लागते, घरात कोणाशी बोलता, शेवटचं कधी हसलात. रविवारी पेशंटना घेऊन चिंचोटीच्या जंगलात चालायला जायचे. कुठेतरी पाणी मुरतंय, याबद्दल माझ्या मनात शंका नव्हती.

खरी धास्ती होती ती सासूबाईंची. त्यांना डायबिटीस होता आणि अधूनमधून चक्कर यायची. हात थरथरायचे, दरदरून घाम फुटायचा. एकदा तर ओट्याशीच कोसळल्या, डोकं थोडक्यात वाचलं. असं झालं की शेजारीण लिंबूसरबत पाजायची, डॉक्टर येऊन सुई टोचायचे आणि श्रेय सुईला जायचं. आता हे गृहस्थ गोळ्या बंद करून त्यांना डोळे मिटून बसवणार आणि एक दिवस त्या हातच्या जाणार, असं मला वाटत होतं. नवरा म्हणाला, "मग दुसरा डॉक्टर बघू." पण सासूबाई हलायला तयार नव्हत्या.

"तो माझा आयकता," त्या म्हणाल्या.

मला ते जास्तच खटकलं. डॉक्टर एवढं ऐकून घेतो म्हणजे पुढे काहीतरी गळ्यात मारणार.

एका शनिवारी मी मुद्दाम सासूबाईंबरोबर दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी मला दारातच थांबवलं. "तुम्ही जरा बाहेर बसा. इथे, पंख्याखाली." सुनेला बाहेर काढून सासूशी एकटं बोलायचं, हे कुठलं वैद्यकशास्त्र? पण पंख्याखालचं बाक प्लायवूडच्या भिंतीला लागून होतं, आणि ती भिंत छतापर्यंत पोचत नव्हती. मी कान देऊन बसले.

"परवा चक्कर आली ना? त्या दिवशी उठल्यापासून काय काय केलंत, सगळं सांगा," डॉक्टर म्हणाले.

सासूबाईंनी पाणी भरण्यापासून सुरुवात केली. आंघोळ, पूजा, मग गोळी.

"गोळीआधी काय खाल्लंत?"

"काय नाय. गुरुवार ना. उपास."

"निरंकार?"

"सांजपर्यंत. पण गोळी घेतलंय हां. औषदान उपास मोडना नाय."

हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आले होते. माझी आईसुद्धा तेच म्हणायची. आत डॉक्टर सावकाश सांगत होते की ही गोळी साखर उतरवते, आणि पोट रिकामं असेल तर नको इतकी उतरवते. गोळी बंद करायची नाही, पण उपाशीपोटी घ्यायचीही नाही. मला हायसं वाटायला हवं होतं, पण रागच आला. इतकी वर्षं सुया टोचताना हा प्रश्न यांना का सुचला नाही? आणि तरीही, आता विकायचा डबा बाहेर निघेल, म्हणून मी वाट बघत होते.

"उपास सोडता येईल का?"

"असो कसो सोडू? मागितला ता मिळाक नाय अजून."

"कोणासाठी धरलाय?"

सासूबाईंचा आवाज एकदम खाली गेला. "सुनेसाठी. तिचां पोर रवणा नाय. दोनदा गेलां."

आमच्या घरात हा विषय कोणीच काढत नसे. दुसऱ्या वेळी मी इस्पितळातून घरी आले, तेव्हा सासूबाईंनी मऊ भात वाढला आणि चकार शब्द काढला नाही. त्या गप्प बसण्याचा मी एकच अर्थ लावला होता. गुरुवार त्याच सुमाराला सुरू झाले. ते त्यांच्या मुलासाठी, म्हणजे माझ्या नवऱ्यासाठी असतील, असं मी धरून चालले होते.

"उपास दुसऱ्याला देता येतो ना?" डॉक्टरांनी विचारलं.

"सुनेक दितत. पण तिका कसो देऊ? तिका कळात. तिका वाटतला, मी तिका दोष देतंय."

पुढचं मला ऐकवलं नाही. मी बाहेर रस्त्यावर जाऊन उभी राहिले. त्या बाकावर आतलं अक्षरन् अक्षर ऐकू येतं, हे डॉक्टरांना ठाऊक नसेल? दवाखाना त्यांचाच होता. त्यांनी मला तिथे मुद्दाम बसवलं, असं माझं आजही ठाम मत आहे. विचारलं असतं तर ते सरळ बोलले नसते, म्हणून विचारलंही नाही.

आम्ही घरी आलो. सासूबाई टेकून बसल्या, तेव्हा मी म्हटलं, "आई, गुरुवार मला द्या."

मी बाहेर सगळं ऐकलंय, हे त्यांना कळलं. "तुझ्यासाठीचो उपास तूच कसो धरतलंस?"

"मी तुमच्यासाठी धरते."

माझा उपासतापासांवर विश्वास नाही, हे त्यांना चांगलं माहीत होतं. त्यांनी माझ्याकडे संशयाने बघितलं. मग मान डोलावली.

पुढच्या गुरुवारी शाळेत जाण्याआधी मी त्यांना भाकरी आणि वालाची भाजी वाढली आणि गोळी ताटाशेजारी ठेवली. त्यांनी दोन घास खाल्ले. मग ताटाकडेच बघत विचारलं, "तेव्हा खूप दुखलां काय गो तुका?"

मी त्यांच्यापुढे खाली बसले. त्या दिवशी शाळेत गेले नाही.