स्केंदरची आई ॲन आर्बरला आली

प्रतिमाच्या खालच्या मजल्यावर स्केंदर राहायचा. ॲन आर्बरमध्ये सिटी बस चालवायचा. मूळचा कोसोवोचा, अल्बेनियन. युगोस्लाव्हियातला हा प्रांत नकाशात कुठे आहे, हे प्रतिमाला आणि तिच्या नवऱ्याला, श्रीरंगला, त्याच्यामुळेच कळलं. श्रीरंग पीएचडीच्या लॅबमध्ये अडकलेला. थंडीत त्यांची गाडी सुरू झाली नाही की बॅटरीला जोडायची केबल घेऊन धावून यायचा तो स्केंदरच.

एकदा चहा पिताना प्रतिमा सहज म्हणाली, माझे वडील नागपूरला हेडकॉन्स्टेबल होते, माझं लहानपण पोलीस लाइनीत गेलं. स्केंदरने कप खाली ठेवला.

"मीही पोलिसात होतो," तो म्हणाला. "इथे कुणाला माहीत नाही."

मग त्याने सांगितलं. एक्याऐंशीच्या वसंतात प्रिश्टिनाच्या विद्यापीठातली मुलं मेसच्या वाईट जेवणावरून भडकली आणि बघता बघता सारं शहर रस्त्यावर आलं. आम्हाला आमचं प्रजासत्ताक हवं, अशा घोषणा सुरू झाल्या. स्केंदर बंदोबस्ताला होता. अश्रुधूर सोडला, लाठ्यांचा हुकूम आला, त्याने लाठी चालवली. धाकटा भाऊ लुआन त्याच गर्दीत होता, हे त्याला दुसऱ्या दिवशी कळलं. लुआनचं डोकं फुटलं होतं आणि त्याला तुरुंगात टाकलं होतं. स्केंदरने नोकरी सोडली, तर त्याच्यावरच पाळत सुरू झाली. इटलीमार्गे तो कसाबसा डेट्रॉइटच्या चुलत्याकडे पोचला.

लुआन सुटला तो फिट्सचं दुखणं घेऊनच. वर्षभरात गेला. स्केंदरला मातीलाही जाता आलं नाही.

सत्त्याऐंशीत आई आली. पासपोर्टसाठी म्हातारीने किती खेटे घातले असतील, कोण जाणे. स्केंदरने तिची खोली स्वतः रंगवली. "आता ती इथेच राहणार," असं भेटेल त्याला सांगत सुटला.

ती आली आणि मुलाशी अवाक्षर बोलली नाही. तो ड्यूटीवर गेला की वर येऊन प्रतिमाच्या किचनमध्ये बसायची. प्रतिमा मराठीत बोलायची, ती आपल्या भाषेत. "मावशी, घ्या ना अजून," म्हटलं की तूप लावलेली पोळी मुकाट्याने खायची. मुलाने रांधलेल्या अन्नाला मात्र शिवायची नाही.

"आपण काही बोलायचं का रे?" प्रतिमाने विचारलं.

"घरातली गोष्ट आहे, यार," श्रीरंग म्हणाला. "इंटरफिअर नको करूस."

एका रविवारी प्रतिमा शिरा घेऊन खाली गेली. मायलेक टेबलाशी बसले होते. आईने एकाएकी काहीतरी विचारलं. लहानसाच प्रश्न. स्केंदरचा चेहरा पांढराफटक पडला. तो अडखळत बोलला, थांबला, पुन्हा तेच बोलला. आईने ऐकून घेतलं, दोन-तीनच वाक्यं बोलली आणि आत जाऊन बॅग भरू लागली.

प्रतिमाने शिरा टेबलावर ठेवला. "काय झालं?"

"तिने विचारलं, लुआनच्या डोक्यात तू मारलंस का?" स्केंदर म्हणाला. "मी म्हणालो, मला माहीत नाही. धूर होता, सगळ्यांनी तोंडाला फडकी बांधली होती. समोर येईल त्याला मारत होतो."

"मग?"

"ती म्हणाली, लुआनही हेच म्हणायचा. कुणी मारलं, दिसलं नाही. आता विचारायला कुणी उरलं नाही."

मी मारलं नाही, असं म्हणायला हवं होतं का, त्याने विचारलं. लाठीमार करून आलेले वडील जेवणाचं ताट तसंच ठेवून ओट्यावर बसून राहायचे, ते प्रतिमाला आठवलं. तिने नकारार्थी मान हलवली. "खोटं तिने ओळखलं असतं."

आई परत गेली. लुआनच्या कबरीपाशी कुणी नाही, एवढंच कारण तिने दिलं. जाताना तिने स्केंदरच्या कोटाची बटणं लावून दिली. तो तिच्या हाताकडे बघत राहिला.

पुढच्या वर्षी श्रीरंगला दुसऱ्या राज्यात, पिस्कॅटवेला नोकरी लागली आणि दोघं तिकडे राहायला गेले. एकोणनव्वदच्या मार्चमध्ये कोसोवोत पुन्हा रणगाडे उतरल्याची बातमी टीव्हीवर पाहून प्रतिमाने स्केंदरला फोन केला.

"मावशी कशा आहेत?"

"गेली. दोन महिने झाले."

"अहो, आम्हाला कळवलं का नाहीत?"

"काय सांगणार होतो?" तो म्हणाला.

प्रतिमाला रडू फुटलं. मग इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिने स्केंदरला रडताना ऐकलं.