मैलाच्या दगडापुढचा साहेब

रेणापूरजवळच्या रसवंतीवाल्या मावशी नसत्या, तर माझा कॅमेरा गेलाच होता. मी रस्त्याकडेच्या निजामकाळच्या मैलाच्या दगडाचे फोटो घेत होतो. गावकऱ्यांना वाटलं, रस्ता रुंद करायला मोजणीवाला आला. आठवीत शाळा सोडलेल्या, जुन्या दगडांचे फोटो घेत घरापासून एवढ्या लांब आलेल्या मला आयुष्यात पहिल्यांदा कुणी साहेब म्हटलं, तेही कॉलर धरून.

“जमीन कुठवर जाणार, बोला साहेब.” एकानं कॅमेरा हिसकावला.

मावशी म्हणाल्या, “सोडा त्याला. मोजणीवाले गाडीतून उतरत न्हाईत, अन् ह्यो मघापासून दगडापुढं मातीत लोळून राहिलाय. असला साहेब असतो का कुठं?”

सगळे हसले आणि कॅमेरा परत मिळाला. साहेबकी गेली, पण जीव भांड्यात पडला. रस्ता रुंद व्हायच्या आत मावशींच्या रसवंतीचा मोठा फोटो करून त्यांना नेऊन देणार आहे.