दुसऱ्यांचे पासवर्ड

गुजरातच्या सीमेवरच्या तलासरीला तहसील कचेरीसमोरच्या एका गाळ्यात मी सहाएक वर्षं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान चालवलं. राहायला आम्ही डहाणू रोडला, रेल्वेच्या क्वार्टरमध्ये. नवरा सिग्नलच्या खात्यात. सकाळी शेअर गाडीनं तलासरीला यायचं, शटर वर करायचं आणि कचेरी बंद होईपर्यंत दाखले, शिष्यवृत्तीचे अर्ज, परीक्षांचे फॉर्म आणि प्रतिज्ञापत्रांचं टायपिंग करत बसायचं. कंप्युटर मी शिकले ते फक्त टायपिंगपुरतं. आत काय चालतं ते मला तेव्हा कळत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर अजूनही पुरतं कळत नाही.

२०१५ मध्ये माझे दोन्ही कंप्युटर व्हायरसनं बसले. दिवसभरात दहा जणांचे पेन ड्राइव्ह लागायचे, त्यातूनच काहीतरी आलं असणार. लोकांचे स्कॅन केलेले दाखले होते त्या फोल्डरच्या जागी नुसत्या रिकाम्या चौकटी दिसायला लागल्या. दीर पुण्याला सॉफ्टवेअरमध्ये नोकरीला. तो सुट्टीवर आला होता, म्हणून त्यालाच गाळ्यात आणून बसवला. त्यानं दोन तास खटपट केली आणि म्हणाला, "वहिनी, हे सगळं पुसून विंडोजच्या जागी लिनक्स टाकतो. फुकट आहे, आणि पेन ड्राइव्हमधले हे व्हायरस त्याला चालत नाहीत."

"फुकट कसं?"

"ओपन सोर्स आहे. त्याचा कोड कुणीही बघू शकतं, सुधारू शकतं."

"कुणीही बघू शकतं तर मग सुरक्षित कसं?"

तो हसला. त्यानं बरंच समजावलं. हजार जण बघतात म्हणूनच त्यातल्या चुका सापडतात, वगैरे. मी मान हलवली. पण ज्याचं सगळं उघडं आहे त्यात लोकांची कागदपत्रं ठेवायची, हे काही माझ्या डोक्यात बसलं नाही.

तो पुण्याला गेला आणि माझे हाल सुरू झाले. प्रिंटर कागद ओढायचा आणि कोराच बाहेर टाकायचा. एका सरकारी वेबसाइटवर गेलं की 'आपला ब्राउझर चालणार नाही' अशी लाल पट्टी यायची. सगळ्यात वाईट म्हणजे टायपिंग. मी शिकलेली जुन्या फॉन्टवर, आणि सीडीवर जपून ठेवलेली माझी सगळी जुनी प्रतिज्ञापत्रं त्याच फॉन्टमध्ये. लिनक्सवर ती उघडली की 'मी खाली सही करणार' च्या जागी इंग्रजी अक्षरं, कंस आणि टिंबं यांची खिचडी दिसायची. एक म्हातारे वकील रोज यायचे. त्यांनी चष्मा पुसून पुसून पडद्याकडे बघितलं आणि विचारलं, "बाई, हे गुजराती आहे का?"

शेवटी मी एक कंप्युटर पुन्हा पहिल्यासारखा करून घेतला, फक्त टायपिंगसाठी, आणि त्याचं इंटरनेट काढून टाकलं. दुसरा लिनक्सचा. हळूहळू त्याची सवय झाली. व्हायरस परत आला नाही, हे मात्र खरं.

पासवर्डचं प्रकरण नंतरचं. फॉर्म भरायला आलेल्या माणसाला खातं उघडून द्यायचं तर पासवर्ड लागतो. पाड्यावरच्या माणसानं तो लक्षात ठेवावा अशी अपेक्षाच नव्हती. तो मीच बनवायची आणि एका लांब वहीत लिहून ठेवायची. नाव, गाव, पासवर्ड. मोबाइल नंबरचंही तसंच. लोकांची सिम सारखी बदलायची, नवी स्वस्त योजना आली की जुनं सिम फेकून द्यायचे. मग वेबसाइटचा कोड जुन्या नंबरवर जायचा आणि अर्ज अडकायचा. म्हणून मी माझाच नंबर टाकायला लागले. कुणाची तक्रार नव्हती. उलट लोक म्हणायचे, "तुझाच टाक, तू काही पळून जाणार नाहीस."

२०१७ च्या गणपतीत दीर पुन्हा आला तेव्हा त्याच्या हाताला ती वही लागली. त्यानं पानं उलटली आणि त्याचा चेहराच बदलला.

"वहिनी, हे काय करून ठेवलंयस? अर्ध्या तालुक्याची किल्ली तुझ्या ड्रॉवरमध्ये आहे. आणि ड्रॉवरला कुलूप नाही."

"माझ्या दुकानात कोण चोरायला येतंय?"

"चोरायचं जाऊ दे. कुणी नातेवाईक येऊन मागितलं तर?"

"देते की. बापानं पोराचं मागितलं, नवऱ्यानं बायकोचं मागितलं, तर नाही कसं म्हणायचं?"

तो माझ्याकडे बघतच राहिला. मला वाटलं मी काहीतरी वेडंवाकडं बोलले, पण काय ते कळेना. आमच्या घरी माझी पत्रं आधी वडील वाचायचे, लग्नानंतर सासूबाई. त्यात कुणी वाईट होतं असं मला कधी वाटलं नव्हतं.

त्यानं लिनक्सवर एक तिजोरीसारखा प्रोग्रॅम टाकून दिला. तोही ओपन सोर्सच. सगळे पासवर्ड त्यात आणि त्या तिजोरीला एकच मोठा पासवर्ड, तो फक्त माझ्या डोक्यात. "मलासुद्धा सांगू नकोस," तो म्हणाला. आठवडाभर दुपारी गिऱ्हाईक नसताना मी वहीतली नावं त्यात उतरवली आणि क्वार्टरच्या मागं वही जाळली. नवऱ्यानं विचारलं, "काय जाळतेयस?" मी म्हटलं, "जुनी वही." तीही एक लपवाछपवीच झाली की काय, असं उगाच मनात येऊन गेलं.

पुढच्या उन्हाळ्यात, म्हणजे २०१८ ला, एक माणूस मुलीला घेऊन आला. तो सीमेपलीकडे उंबरगावला कारखान्यात कामाला, मुलगी आश्रमशाळेतून बारावी झालेली. तिला नर्सिंगला जायचं होतं. आमच्याकडे पाड्यावरची मोठी माणसं सगळ्यांशी अरे-तुरेनंच बोलतात, त्यात अनादर नसतो. तो म्हणाला, "बाई, माझ्या पोरीचा फॉर्म भर. जवळचं कॉलेज टाक. हिची आई सारखी आजारी असते." मी खातं उघडलं, नंबर माझा टाकला, पसंतीची कॉलेजं पालघर जिल्ह्यातलीच भरली. मुलगी एक अक्षर बोलली नाही. फोटो काढतानाही खालीच बघत होती.

चार दिवसांनी ती एकटी आली.

"ताई, कॉलेज बदलता येतं?"

"येतं. मुदत आहे अजून. कुठलं टाकायचं?"

"पहिलं नाशिकचं टाका. सरकारी आहे. आमच्या मॅडम म्हणाल्या, तिथं चांगलं शिकवतात."

"वडिलांना विचारलंस?"

तिनं मान हलवली, नाही म्हणून. मग म्हणाली, "पासवर्ड पण बदला. मी स्वतः टाकते."

मी कीबोर्ड तिच्याकडे सरकवला. तिनं एकेक अक्षर शोधत पासवर्ड टाकला. मी तो तिजोरीत लिहून घेऊ का विचारलं, तर म्हणाली, "नको. माझ्या लक्षात राहील." इतक्या वर्षांत असं म्हणणारी ती पहिलीच. मला कौतुक वाटलं आणि थोडा रागही आला. माझ्यावर भरवसा नाही, असंच ते झालं ना?

कुठून कळलं देव जाणे, पण बापाच्या कानावर गेलं. प्रवेशाची पहिली लिस्ट लागायच्या दिवशी तो कामावर खाडा करून सकाळीच दुकानात आला. बाकावर बसला आणि म्हणाला, "बाई, पोरीचा फॉर्म उघडून दाखव. लांबचं काहीतरी टाकलंय म्हणतात."

"दादा, तिनं पासवर्ड बदललाय. माझ्याकडे नाही."

"तू कंप्युटरवाली. तुला नाही दिसत तर कुणाला दिसणार?"

"खरंच नाही दिसत."

ते खरंच होतं. आणि खोटंही. 'पासवर्ड विसरलात' यावर बोट दाबलं असतं तर कोड माझ्याच फोनवर आला असता आणि दोन मिनिटांत सगळं उघडलं असतं. त्याला ते ठाऊक नव्हतं आणि मी सांगितलं नाही. वर्षभरापूर्वी मी न विचारता उघडून दिलं असतं. आता देत नव्हते. पण का देत नव्हते, ते मला सांगता आलं नसतं. मुलीचं बरोबर होतं म्हणून? की एकदा दिरानं डोळे मोठे केले म्हणून?

तो गेला नाही, बसूनच राहिला. मध्ये दोन गिऱ्हाइकं येऊन गेली. थोड्या वेळानं तो आपणहूनच बोलायला लागला.

"नाशिकला जाऊ दे की, मी नाही म्हटलं असतं का? कदाचित म्हटलं असतं. पण मला न सांगता का? मीच तिला सायकलवर बसवून शाळेत सोडली ना?"

तेवढ्यात काउंटरवरचा माझा फोन वाजला. मेसेज इंग्रजीत होता: तुमचा नंबर लागला आहे, पुढे नाशिकच्या कॉलेजचं नाव. मुलीच्या आयुष्यातली एवढी मोठी बातमी, आणि ती तिच्याआधी माझ्या हातात पडली होती. समोर तिचा बाप बसलेला.

"काय आलं?" त्यानं विचारलं.

"कंपनीचा मेसेज," मी म्हटलं. "रिचार्जचा."

तोंडातून शब्द गेला आणि मी फोन पालथा ठेवला. त्यानं मान डोलावली. माझ्यावर विश्वास ठेवला. दुपारी उठून तो गेला.

दुसऱ्या दिवशी मुलगी आली, तिनं स्वतःच खातं उघडलं आणि मी तिला प्रवेशाचं पत्र छापून दिलं. ती हसली, मग तिनं खालच्या एका ओळीवर बोट ठेवलं. पत्रात लिहिलं होतं, चार दिवसांत मूळ कागदपत्रांसह हजर राहा. शाळेचा दाखला, जातीचा दाखला, सगळं घरच्या पेटीत, आणि पेटीची किल्ली बापाकडे.

"ताई, तुम्ही सांगा ना त्यांना. मला नाही जमणार."

"तूच सांग. मी बाजूला बसते."

पण शेवटी मलाच सांगावं लागलं. संध्याकाळी पाच वाजता मुलीच्या निरोपावरून तो दुकानात आला. मुलगी भिंतीला टेकून उभी होती. मी पत्र पुढे ठेवलं. त्यानं ते हातात घेतलं, वाचता येत नव्हतं तरी बराच वेळ बघितलं, मग मला विचारलं, "काल वाजला तो फोन हाच होता?"

"हो."

"तुला कालच ठाऊक होतं."

"हो, दादा."

मी पुढे काहीतरी बोलणार होते. खातं तिचं आहे, ती अठरा वर्षांची झाली आहे, मी कुणाची माहिती देऊ शकत नाही, असं सगळं जुळवून ठेवलं होतं. त्याच्याकडे बघून त्यातलं एकही वाक्य बाहेर येईना. तो उठला, मुलीला म्हणाला, "चल," आणि दोघं गेली. रागावला होता का, तेही मला कळलं नाही.

तिसऱ्या दिवशी पेटीतली सगळी कागदपत्रं पिशवीत घालून तो स्वतः तिला नाशिकला सोडून आला. हे मला शेजारच्या चहावाल्यानं सांगितलं.

मी दिराला फोन करून सगळं सांगितलं. तो म्हणाला, "वहिनी, तू अगदी बरोबर वागलीस. हीच तर प्रायव्हसी." मी म्हटलं, "मी त्या माणसाच्या तोंडावर खोटं बोलले." तो म्हणाला, "तो वेगळा मुद्दा आहे." मला तो वेगळा वाटत नव्हता. मग आम्ही घरच्यांच्या तब्येतीचं बोललो.

त्यानंतर मी फॉर्म भरताना लोकांना विचारायला लागले, नंबर तुमचा टाकू की माझा? दहातले नऊ जण म्हणायचे, तुझाच टाक. मी धोके समजावून सांगायला लागले की ते घड्याळाकडे बघायचे. एक बाई तर चिडून म्हणाली, "भरायचा नसेल तर तसं सांग, दुसऱ्या दुकानात जाते." मग मी माझाच नंबर टाकायची.

मुलीचा बाप वर्षभर दुकानात फिरकला नाही. २०१९ च्या पावसाळ्यात, भाताची लावणी आटपल्यावर, एका दुपारी तो आला. हातात नवा स्मार्टफोन, त्याच्यावर प्लास्टिकही तसंच होतं. बाकावर बसला आणि म्हणाला, "बाई, माझ्या नावाचं जिथं जिथं तुझा नंबर आहे ना, तिथं माझा टाक."

मी रेशनचं, आजाराच्या योजनेचं, जातीच्या दाखल्याचं, एकेक खातं उघडलं. प्रत्येक वेळी कोड माझ्या फोनवर यायचा, मी तो टाकायची, मग नवा कोड त्याच्या फोनवर यायचा. त्याला इंग्रजी आकडे वाचता येत होते. तो एकेक आकडा मोठ्यानं सांगायचा. शेवटी पासवर्ड बदलायची वेळ आली तेव्हा नुसत्या आकड्यांचा चालेल असं सांगून मी कीबोर्ड त्याच्याकडे केला आणि उठून दारात उभी राहिले. हायवेकडे जाणारी ट्रकची एक रांग अडकली होती, ती बघत राहिले. त्याला बराच वेळ लागला.

"झालं," तो म्हणाला.

मी तिजोरीतून त्याची नोंद काढून टाकली. काढल्याचं त्याला पडद्यावर दाखवलंही. मग आठवलं म्हणून विचारलं, "मुलगी कशी आहे?"

"बरी आहे. रोज फोन करते. आईशी बोलते." फोनवरचं प्लास्टिक दाबत म्हणाला, "माझ्याशी पण."

तो उठणार तेवढ्यात मला सांगावंसं वाटलं की एवढ्यानं सगळं संपत नाही. मी स्कॅनचं फोल्डर उघडलं. त्यात त्याचे दाखले होते, त्याची सही, मुलीचा तो खाली बघतानाचा फोटो, तिच्या आईचे दवाखान्याचे कागद.

"दादा, हेही आहे माझ्याकडे. पुसून टाकू?"

तो वाकून पडद्याकडे बघत राहिला. मुलीच्या फोटोपाशी बोट नेलं, पण काचेला लावलं नाही.

"राहू दे," तो म्हणाला. "परत लागलं तर कुठं शोधत बसू?"

त्यानं फोन पिशवीत नीट गुंडाळून ठेवला आणि कचेरीच्या फाटकाकडे गेला. मी ते फोल्डर पुसलं नाही. त्याला पासवर्डचं एक कुलूप लावलं आणि पुढच्या बाईचा फॉर्म घेतला.